बोटीतून खोल समुद्रात गळ टाकायला नुकतीच सुरुवात केली आहे. माशांच्या चांगल्या जागा कशा शोधायच्या?

तुम्ही लिहिलंय की छोटी बोट घेतली, फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बसवला, किनाऱ्यापासून बरंच आत जाता, तरी बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं. आणि जुनी मंडळी आपल्या जागांचे जीपीएस आकडे काही केल्या देत नाहीत. मी सांगेन की त्या आकड्यांच्या मागे लागूच नका. समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी सपाट वाळूचा नाहीतर चिखलाचा असतो आणि तिथे मासे विखुरलेले असतात. ते गोळा होतात ते जिथे काहीतरी बदलतं तिथे: सपाटीवर उठलेला खडक, अचानक उतरत जाणारी कड, बुडालेलं जहाज, वाळू संपून दगड सुरू होतो ती सीमा. हा बदल ओळखता यायला हवा.

सुरुवात घरी, सागरी नकाशा समोर ठेवून करा. खोली मीटरमध्ये दिली आहे, फुटांत की वावांत, हे आधी बघा (एक वाव म्हणजे 6 फूट, साधारण 1.83 मीटर). खोलीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे उतार तीव्र असतो. मला मात्र सगळ्यात आवडतात ते एकटे पडलेले आकडे. आजूबाजूला 32, 33, 32 आणि मध्येच एक 26 दिसला, तर तिथे खाली काहीतरी आहे. तळ कशाचा आहे हेही नकाशावर अक्षरांनी दिलेलं असतं. इंग्रजी नकाशांवर एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक. अशा पाच-सहा जागा जीपीएसमध्ये भरून मगच बोट काढा.

जागेवर पोहोचल्यावर खरं काम फिशफाइंडरचं, आणि नवीन माणूस अडतो तो इथेच. पडद्याच्या उजव्या कडेला जे उमटतं तेवढंच आत्ताचं. त्याच्या डावीकडचं सगळं तुम्ही मागे टाकून आलेलं आहे. पडद्याच्या मध्यावर खडक दिसला म्हणून तिथेच गळ सोडला तर तो रिकाम्या वाळूवर पडतो. खडकाची चढण दिसू लागली की लगेच खूण नोंदवा, मग वळून त्या खुणेवर परत या. दुसरी गोष्ट, यंत्राचा झोत शंकूसारखा पसरतो. 20 अंशांचा झोत 30 मीटर पाण्यात तळावर जेमतेम 10 मीटर व्यासाचं वर्तुळ बघतो. म्हणजे शंभर मीटर अंतर सोडून फेऱ्या मारल्या तर मधला मोठा खडकही निसटेल. बोट हळू चालवा आणि फेऱ्या जवळजवळ घ्या. तळाची रेषा जाड, ठळक आणि तिच्याखाली दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी छाया दिसली, तर तळ कठीण आहे. रेषा बारीक, फिकट असेल तर चिखल.

खडक सापडला तरी अर्धंच काम झालं, कारण मासे त्याच्याभोवती सगळीकडे सारखे नसतात. पाण्याची ओढ ज्या बाजूने येते त्या बाजूला, तोंड ओढीकडे करून, ते वाहत येणाऱ्या खाण्याची वाट बघतात. म्हणून आमिष ओढीच्या वरच्या अंगाने सोडून खडकावर वाहत न्यायचं. यासाठी खडकावर इंजिन बंद करून बोट काही मिनिटं वाहू द्या आणि जीपीएसच्या पडद्यावर उमटणारी वाट बघा. वारा आणि ओढ मिळून बोट कुठे नेताहेत ते त्यातून कळतं. मग त्याच रेषेवर उलट वर जा आणि तिथून वाहत या. भरतीच्या ओढीला भरभरून देणारा खडक पाणी थांबलं की मुका होतो, त्यामुळे एका फेरीत जागा वाईट ठरवू नका. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, ओढ इतकी असते की शिसं तळाला टिकत नाही. शिकायला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेले, दिवस बरे.

वरच्या पाण्यातल्या माशांसाठी, म्हणजे टूना, माही-माही वगैरेंसाठी, नजर पृष्ठभागावर ठेवा. सुरय पक्षी एका जागी सूर मारताहेत, पाण्याचा रंग एका रेषेवर बदलतोय, त्या रेषेवर शेवाळ किंवा ओंडका तरंगतोय, अशा कडेकडेने आमिष ओढत न्या. थव्याच्या मधून बोट घालू नका, मासे खाली जातात.

कुणी आकडे दिलेच तर ते कशा पद्धतीने लिहिले आहेत ते विचारा. अक्षांशाची 20.45 मिनिटं आणि 20 मिनिटं 45 सेकंद यांत साडेपाचशे मीटरांचा फरक पडतो. तसंच 2000 च्या मे महिन्याआधीचे जीपीएस आकडे जपून वापरा. तोपर्यंत नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे ते शंभरेक मीटर इकडेतिकडे असू शकतात.

आणि कळकळीने सांगतो, पहिल्या जागा जवळच्या निवडा. इंधनाचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16, म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनेल, चालू ठेवा. कुठे जाताय, कधी परत येणार, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून निघा. नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, टाका. मागून टाकला तर लाट बोटीत शिरते.

प्रत्येक जागेची वही ठेवा: तारीख, भरती-ओहोटीची वेळ, ओढीची दिशा, खोली, मासा कुठल्या बाजूला लागला. काही लागलं नाही तेही लिहा. त्याच खडकावर वेगवेगळ्या ओढीला जात राहिलात की कोणत्या वेळी कोणत्या बाजूने बोट लावायची हे त्या वहीतच दिसायला लागतं.