प्रश्न तुमचे : अडखळणारी रोझरी

प्रश्न : माझे पती पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून मी रोझरी (पवित्र मरियेची जपमाळ) म्हणते. परंतु ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या शब्दांपाशी जीभ अडखळते, मनात राग दाटतो. माझी श्रद्धा अर्धवट आहे का?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : ताई, तसे मुळीच नाही. येशूची आई होण्यास पवित्र मरियेने देवदूताला होकार दिला, तोही ‘हे कसे होईल?’ असे विचारल्यानंतरच. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हा तू आमच्याशी असे का वागलास, असे तिने त्याला सरळ विचारले. आणि त्याचे उत्तर आईवडिलांना समजले नाही, असे शुभवर्तमानकार लूक स्पष्टच नोंदवतो. न समजलेले ते सारे तिने अंतःकरणात जपून ठेवले, आणि तरीही, ज्या दुःखाच्या तलवारीविषयी वृद्ध शिमोनाने बाळ येशूला पाहून तिला सांगितले होते ती जिवातून आरपार जात असताना, ती क्रूसापाशी उभी राहिली. तिथे तिने काही म्हटल्याचे शुभवर्तमानकार योहान लिहीत नाही. (प्रवचनांत मात्र आपण तिच्या तोंडी बरेच काही घालतो.) ख्रिस्तसभा 14 सप्टेंबरला पवित्र क्रूसाचा सण आणि दुसऱ्याच दिवशी दुःखी मातेचा स्मरणदिन पाळते, तो याच नात्यामुळे.

म्हणून अडखळलात तर तिथेच थांबा, राग देवाला सांगा आणि पुढचा मणी घ्या. पतींना घरी ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) व आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (पवित्र तेल लावून दिला जाणारा संस्कार) मिळावा म्हणून धर्मगुरूंना अवश्य कळवा. तैलाभ्यंग केवळ मरणासन्नांसाठी असतो, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे.