बालेकिल्ल्यात बाळ नाही

कोपरीच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: ‘निवडणूक आली की "ठाणे हा आमचा गड" आणि "ठाणे हा आमचा बालेकिल्ला" अशी दोन्ही वाक्यं कानावर पडतात. अर्थ एकच का? आणि बालेकिल्ला म्हणजे बाळकिल्ला, हे खरं का?’

अजिबात खरं नाही. मोठ्या किल्ल्याच्या पोटातला छोटा किल्ला म्हणून बाळकिल्ला, अशी फोड मी स्वतः राजगडावर ऐकली आहे. माहिती सांगणारे गृहस्थ ती ठणकावून सांगत होते आणि भोवतीची कॉलेजची मुलं मोबाइलमध्ये टिपून घेत होती. अशाच चुका पुढे चालत राहतात.

यातला ‘बाला’ फारसी आहे. अर्थ वर, उंचावर. किल्ला अरबीतून आला. काबूलचा बालाहिसार घ्या, नाहीतर गोवळकोंड्याच्या माथ्यावरचा बालाहिसार घ्या. हिसार म्हणजे किल्लाच. तिथे बाळ कुठून आणणार? वऱ्हाडात घाटावरच्या मुलखाला बालाघाट म्हणत आणि खालच्याला पाईनघाट. आणि मला सगळ्यात आवडतो तो आपला ‘बालाबाला’! ‘कमिटीला न विचारता सेक्रेटरीने बालाबाला कंत्राट देऊन टाकलं’ असं आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने म्हणतो, तेव्हा तोंडात तोच बाला असतो, तोही दोनदा. वरच्या वर, खालच्यांना पत्ता लागू न देता. राजगडाचा माथा आणि सोसायटीचं कंत्राट एकाच शब्दाने बांधलेलं आहे.

मग ‘बाला’चा ‘बाले’ कसा झाला? काही जाणकार म्हणतात की हा फारसी जोडणीतला ए आहे, मूळ ‘बाला-ए-किला’. मला हे मुळीच पटत नाही. किल्ला पण किल्लेदार, मोर्चा पण मोर्चेबांधणी, सट्टा पण सट्टेबाज, साठा पण साठेबाजी. समासात पहिल्या शब्दाच्या शेवटच्या आ-चा ए करणं हे मराठीच्या जिभेचं रोजचं वळण आहे. ते घरात असताना फारसी व्याकरणाच्या दारात जायची गरज काय? बाला आपल्याकडे आला, मराठी झाला आणि मराठीच्या नियमाने बाले झाला. फारसीचं नाव निघालं की व्याकरणही तिथूनच आलं असणार, असं धरून चालणं मला खटकतं.

आता राजकारण. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे माथ्याखालच्या तटबंदीच्या सपाट्या, आहेत आणि मधोमध, सगळ्यात उंच, बालेकिल्ला. माच्या पडल्या की शेवटचा आसरा तिथे. म्हणून गडाला बालेकिल्ला एकच. ‘या जिल्ह्यात आमचे चार बालेकिल्ले आहेत’ हे वाक्य रिक्षावरच्या भोंग्यातून ऐकलं की मला राहवत नाही. चार म्हणायचे असतील तर माच्या म्हणा, बुरूज म्हणा! बाकी सगळीकडे हार झाली तरी ज्या वॉर्डात हमखास निवडून येता, तेवढाच बालेकिल्ला. ठाण्याचा खरा किल्ला तर खाडीकाठी सपाटीवर. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे.

तसंच ‘बालेकिल्ल्याला सुरुंग लावला’. सुरुंग बाहेरून, तटाच्या पायथ्याशी लावतात. बालेकिल्ला मध्यात, माथ्यावर. तिथवर सुरुंग पोचला याचा अर्थ माच्या आधीच गेल्या, नाहीतर दरवाजा आतून कुणीतरी उघडला. बंडखोर उमेदवाराने घरचीच जागा पाडली, तर हा वाक्प्रचार तिथे चपखल बसतो. दर पाच वर्षांनी हात बदलणाऱ्या जागेसाठी तो वापरू नका.

ताई, गडाचं राहिलंच. गड म्हणजे माच्यांसकट सगळा डोंगरी किल्ला, बालेकिल्ला त्याचा माथा. पूर्ण ठाणे शहर आपलं म्हणायचं असेल तर ‘गड’ म्हणावं.