जपानी चित्रकार तेत्सुया इशिदा यांची चित्रं इंटरनेटवर पाहून झाली असतील, तर प्रदर्शनाला मुद्दाम जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की इशिदांची पुष्कळ चित्रं मोबाइलवर पाहिली, सगळीकडे तोच एक उदास माणूस आहे, मग त्यांच्या एकूण कामाचं सिंहावलोकनी प्रदर्शन बघायला एवढा प्रवास आणि खर्च कशासाठी करायचा? २०१९ पर्यंत माझंही हेच मत होतं. त्या वर्षीच्या शरद ऋतूत शिकागोत त्यांचं प्रदर्शन भरलं आणि मी दोनदा जाऊन आलो, दुसऱ्या खेपेला बाबांना घेऊन. त्या अनुभवावरून सांगतो: जमत असेल तर नक्की जा.

प्रदर्शनाचं नाव होतं 'सेल्फ-पोर्ट्रेट ऑफ अदर', म्हणजे दुसऱ्याचं आत्मचित्र. माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयाने ते आधी तिथल्या रेतिरो बागेतल्या वेलाझ्केझ महालात मांडलं होतं. तिथून ते शिकागोच्या 'राइटवुड ६५९' मध्ये आलं. ही वास्तूही बघण्यासारखी आहे. बाहेरून जुन्या विटांची रहिवासी इमारत, आणि आत तादाओ आंदो या जपानी वास्तुरचनाकाराने उभारलेल्या गुळगुळीत काँक्रीटच्या भिंती. त्या करड्या शांततेत सत्तरच्या आसपास कामं होती.

मोबाइलवर इशिदांची कल्पना तेवढी पोचते. 'इंधन भरावं तसं जेवण' हे १९९६ चं चित्र घ्या. खाणावळीच्या काउंटरवर कोट-टाय घातलेले नोकरदार ओळीने बसलेत आणि गणवेशातले कर्मचारी पेट्रोल पंपाच्या नळ्या त्यांच्या तोंडात धरून उभे आहेत. पडद्यावर हे दोन सेकंदांत कळतं आणि आपण पुढे सरकतो. प्रत्यक्षात मात्र हे चित्र जवळजवळ दोन मीटर रुंद आहे. त्यासमोर उभं राहिलं की काउंटर आपल्या छातीशी येतो आणि त्या ओळीत आपणही बसलोय असं वाटायला लागतं. मग जवळ जाऊन पाहिलं की दिसतं ते काम. ॲक्रिलिक रंग, बारीक कुंचला, शर्टाची प्रत्येक सुरकुती, केसांची प्रत्येक बट. विनोद म्हणून सुचलेल्या कल्पनेवर कोणी इतके दिवस घालवत नाही. या माणसाला त्या नोकरदारांबद्दल खरी माया होती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात ३२ वर्षं शिफ्टमध्ये होते. चित्रकलेशी त्यांचा संबंध कॅलेंडरापुरता. मी त्यांना काहीच समजावून सांगितलं नव्हतं. या चित्रापुढे ते हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कॅन्टीनला आम्हाला वीस मिनिटं मिळायची. रांग, ताट, हात धुणं, सगळं त्यात. जेवायचो कुठे रे, भरून घ्यायचो."

थोडी पार्श्वभूमी सांगतो, ती माहीत असली की चित्रं उलगडतात. इशिदांचा जन्म १९७३ चा, शिझुओका प्रांतातल्या याइझू या मासेमारीच्या बंदरात. १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची किरणोत्सारी राख ज्या बोटीवर पडली, ती 'दाइगो फुकुर्यू मारू' याच बंदरातली. बोटीवर २३ जण होते. अमेरिकन चित्रकार बेन शाह्न यांनी या घटनेवर चित्रमालिका केली, आणि शाह्न यांच्या कामाचा छोट्या इशिदांवर खोल परिणाम झाला. साध्या कष्टकरी माणसाचं दुःख हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्यांना फार लवकर उमगलं असावं.

पुढे तोक्योच्या मुसाशिनो कला विद्यापीठातून ते १९९६ मध्ये बाहेर पडले. जपानचा आर्थिक फुगा तोवर फुटला होता. कंपनीत एकदा चिकटलं की निवृत्तीपर्यंत काळजी नाही, हा घरोघरचा भरवसा मोडत होता. त्या काळात शिकून बाहेर पडलेल्या पिढीला तिकडे 'नोकरीच्या हिमयुगा'तली पिढी म्हणतात. इशिदांनी नोकरी धरली नाही. पडेल ती किरकोळ कामं केली आणि चित्रं काढली. जेमतेम दहा वर्षांत दोनशेच्या आसपास.

तुमचा खरा आक्षेप 'तोच एक माणूस' हा आहे. सगळ्या चित्रांत तोच चेहरा आहे हे खरं, आणि तो बराचसा त्यांच्यासारखा दिसतो. पण त्यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं की सुरुवातीला ते आपल्याच दुबळ्या, घाबरलेल्या रूपाला हसण्याजोगं करून पाहत होते, आणि हळूहळू त्या चेहऱ्यात इतर माणसं येत गेली. प्रदर्शनाचं नाव तिथूनच आलंय. हे 'हळूहळू' एकेक सुटं चित्र पाहून कळत नाही. त्यासाठी दहा वर्षं एका दमात चालून जावी लागतात. सुरुवातीच्या चित्रांत माणूस यंत्र झालेला आहे आणि आपल्याला थोडं हसूही येतं. १९९८ च्या 'परत मागवलेला माल' या चित्रात हसू थांबतं. नव्या टीव्हीचं खोकं असतं तशा खोक्यात, थर्माकोलच्या खाचांत, एका माणसाचे सुटे भाग बसवलेत. दुरुस्तीवाला आलाय आणि घरची माणसं सुतकी कपड्यांत गुडघे टेकून बसली आहेत. इथे बाबा एवढंच म्हणाले, "मशीनला निदान खंडेनवमीला हार मिळायचा."

त्याच काळातली शाळेची चित्रं मला सगळ्यात जड गेली. एका वर्गात मुलं रांगेने बसली आहेत आणि त्यातल्या दोघांचे चक्क सूक्ष्मदर्शक झालेत. १९९९ च्या 'कैदी' मध्ये एक अवाढव्य मुलगा शाळेच्या इमारतीतच अडकून पडलाय, डोकं तेवढं बाहेर. माझ्या दहावीच्या वर्षाची आठवण इतक्या वर्षांनी अशी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. पुढच्या, २००० नंतरच्या चित्रांत ऑफिस मागे पडतं. पलंग येतात, बंद खोल्या, लहान मुलं. रंगही निवळतात. ही शेवटची चित्रं इंटरनेटवर फारशी फिरत नाहीत, कारण त्यांचा अर्थ एका ओळीत सांगता येत नाही. माझ्या मते तीच त्यांची सर्वांत चांगली चित्रं आहेत.

एक विनंती. २००५ च्या मे महिन्यात, वयाच्या ३१ व्या वर्षी, रेल्वे फाटकावर ट्रेनची धडक बसून इशिदा गेले. त्यांच्याबद्दलच्या बहुतेक लेखांची सुरुवात इथूनच होते आणि मग प्रत्येक चित्र त्या मृत्यूची चाहूल म्हणून वाचलं जातं. तसं करू नका. त्यात त्या नोकरदारांचं, त्या मुलांचं म्हणणं हरवून जातं, आणि चित्रकाराने आयुष्य त्यांच्यासाठी खर्च केलं होतं.

गेलात तर भिंतीवरच्या पाट्या आधी वाचू नका. पहिल्या फेरीत फक्त डोळे बघा. हा माणूस आपल्याकडे जवळजवळ कधीच थेट पाहत नाही, नजर कुठेतरी बाजूला असते. सत्तर चित्रं होईपर्यंत आपण त्या नजरेच्या समोर यायची धडपड करत राहतो. दुसऱ्या फेरीत कपडे, हात, वस्तू बघा. दोन तास हाताशी ठेवा आणि शक्य असेल तर आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर राबलेल्या कोणाला तरी सोबत घेऊन जा.

निघताना मी कोट घालत होतो, तर बाबा शेजारी नव्हते. ते परत त्या जेवणाच्या चित्रापाशी जाऊन उभे होते. मी गेल्यावर त्यांनी नळ्या धरून उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांकडे बोट केलं आणि विचारलं, "यांची जेवणाची सुट्टी कधी होत असेल?"