फेरेटच्या पिल्लाला काय खाऊ घालावे?

प्रश्न : मुलाने पुण्याहून फेरेटचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले आहे. आमचे घर माळकरी असल्यामुळे स्वयंपाकघरात सामिष काही येत नाही, म्हणून आम्ही त्याला दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी देत आहोत. पिल्लू ती खाते, परंतु शी पातळ व कणीदार होते आणि अंगही धरत नाही. हा मुंगसाचाच प्रकार असून त्याला फळेही चालतात, असे शेजारी सांगतात. त्याला नेमके काय द्यावे? (एक वाचक भगिनी, अंबाजोगाई)

उत्तर : दूध-भाकरी आजच बंद करावी, कारण आपण लिहिलेली सर्व लक्षणे तिच्यामुळेच असण्याची दाट शक्यता आहे. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला फेरेट हा पूर्णपणे मांसाहारी आहे. कुत्र्याप्रमाणे मिळेल त्यावर गुजराण करणे त्याला जमत नाही. त्याचे आतडे आखूड असते, खाल्लेले अन्न सुमारे तीन ते चार तासांत बाहेर पडते आणि तंतुमय पदार्थ आंबवून पचवणारा आतड्याचा कप्पा त्याला मुळातच नसतो. त्यामुळे भाकरीने पोट भरल्यासारखे वाटले तरी त्यातले अंगी फारसे काही लागत नाही, आणि शीमध्ये ज्वारीच्या कण्यांसारखे जे कण दिसतात ते अन्न नीट न पचल्याचे लक्षण असते. दुधातील साखरही त्याला पचत नाही, तिने जुलाब होतात. आणि पाव-अर्धा किलो वजनाच्या जिवाला जुलाबामुळे शरीरातील पाणी कमी होण्यास फार वेळ लागत नाही. शी दोन दिवसांत सुधारली नाही किंवा पिल्लू मलूल दिसू लागले, तर पशुवैद्यकाकडे नेण्यास विलंब करू नये.

शेजाऱ्यांचे म्हणणे मनावर घेऊ नये. मुंगसाचे कुळ वेगळे आहे. ते किडे, उंदीर, अंडी यांबरोबर फळेही खाते. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण असल्याने ते पाळता येत नाही; म्हणून पिल्लू खरेदी केल्याची पावती जपून ठेवलेली बरी.

आता माळकरी घराचा प्रश्न. मांसाच्या जागी डाळ, सोयाबीन किंवा पनीर देऊन भागेल का, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर नाही असेच आहे. टॉरिन हा आवश्यक घटक वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही, आणि वनस्पतिजन्य प्रथिने भरपूर असलेल्या खाद्यावर वाढलेल्या फेरेटला मूतखड्याचा त्रास होऊ शकतो. आपल्यासारख्या घरासाठी त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग म्हणजे मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारे पाकीटबंद कोरडे खाद्य. तेही मांसापासूनच बनते, हे लपवण्यात अर्थ नाही; मात्र त्याचा डबा, वाटी आणि ती घासण्याची जागा ओसरीवर वेगळी ठेवता येते आणि स्वयंपाकघराचा नियम मोडत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना एवढेही चालणार नसेल, तर पिल्लू दुसऱ्या घरी देणेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या व्रताचा भार त्या जिवाने का वाहावा?

पाकीट घेताना पुढच्या बाजूचे चित्र न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. प्रथिने किमान 35 टक्के, स्निग्धांश 18 ते 20 टक्के किंवा थोडा अधिक आणि तंतू 3 टक्क्यांच्या आत असावेत. घटकांच्या यादीत पहिले नाव कोंबडी किंवा अन्य मांसाचे असावे. मका, तांदूळ किंवा सोया पहिल्या क्रमांकावर असेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्यावे. कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडले तरी ते चालत नाही. दोन महिन्यांच्या सुमारास दुधाचे दात पडून कायमचे दात येत असतात, म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवून, बोटाने दाबले असता सहज मोडतील इतके मऊ करून द्यावेत आणि पुढे काही आठवड्यांत पाणी हळूहळू कमी करावे. या वयात मोजून-मापून देऊ नये, कारण चार महिन्यांचे होईपर्यंत पिल्लू जवळजवळ पूर्ण आकाराचे होते. ते दिवसातून आठ-दहा वेळा थोडे थोडे खाते, तेव्हा वाटीत खाद्य आणि पाणी सतत असावे. पूर्ण वाढलेल्या, किलोभर वजनाच्या फेरेटला मात्र दिवसाला साधारण 40 ते 50 ग्रॅम कोरडे खाद्य पुरते.

आपल्याकडील उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. फेरेटला घाम जवळजवळ येत नाही आणि तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो. मग मराठवाड्यातील चाळिशीपार जाणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांविषयी काय सांगावे! त्या दिवसांत भिजवलेले खाद्य पहाटे आणि रात्री द्यावे, तासाभरात उरलेले उचलून टाकावे, दुपारी कोरडे दाणेच ठेवावेत आणि पाणी जड मातीच्या भांड्यात द्यावे. हलके भांडे पिल्लू खेळता खेळता उलटवते आणि दुपारभर तहानलेले राहते.

प्रश्न : आमचे चार महिन्यांचे फेरेट एकाच कंपनीचे खाद्य खाते आणि ते परभणीत नेहमी मिळत नाही. उकडलेल्या कोंबडीला ते तोंडही लावत नाही. उपाशी ठेवले तर खाईल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : उपाशी ठेवू नये. लहान फेरेट फार वेळ उपाशी राहिले तर रक्तातील साखर उतरून ते लुळे पडू शकते. हा हट्टही नव्हे. पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचे अन्न मिळते तेच अन्न, अशी या प्राण्याची समजूत पक्की होते. चौथा महिना म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. जुने दाणे कुटून त्यांची पूड नव्या खाद्यावर भुरभुरावी, कोंबडी उकडलेले बिनमिठाचे कोमट पाणी बोटाने ओठांना लावावे आणि नव्याचे प्रमाण दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्यावे. त्यानंतर कायम दोन कंपन्यांचे खाद्य मिसळून द्यावे, म्हणजे एक संपले तरी अडत नाही. कोंबडी खाऊ लागल्यावर केवळ बिनहाडाच्या मांसावर मात्र त्याला ठेवू नये, कारण अशा मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असल्याने वाढत्या पिल्लाची हाडे ठिसूळ होऊन पाय वाकतात. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात, म्हणून ती कधीच देऊ नयेत.

प्रश्न : मनुका आणि केळे आमचे पिल्लू आवडीने खाते. थोडेसे दिले तर चालेल का? (एक वाचक भगिनी, नांदेड)

उत्तर : देऊ नये. वय वाढलेल्या फेरेटमध्ये स्वादुपिंडात गाठ होऊन रक्तातील साखर घसरण्याचा आजार बराच आढळतो आणि गोड व पिष्टमय आहाराचा त्याच्याशी संबंध असावा, अशी शंका आहे. पेढा, बिस्कीट आणि चॉकलेट यांनाही हेच लागू. चॉकलेट तर विषारीच आहे. खाऊ द्यायचाच असेल तर उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा किंवा आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक द्यावा.

आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : या वयाची पिल्ले रबरी चपला, स्पंज आणि रिमोटची बटणे चावून गिळतात आणि तो तुकडा आतड्यात अडकतो. पिल्लू खाणे सोडून तोंडावर पंजे घासू लागले, उलट्या झाल्या किंवा शी होईनाशी झाली, तर घरगुती औषध न करता त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. जवळपास सोय नसल्यास परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे.