ओट्याखालच्या कपाटांचे पोपडे

प्रश्न : मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराची सागवानी कपाटं आहेत. दोनदा रंग दिला, तरी शेगडीजवळ पोपडे सुटतात. काय करावं?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, रंगाला दोष देऊ नका. फोडणीचं तेल दारांवर बसतं. मुठीजवळ नख ओढून बघा, पिवळट चिकटा निघेल. त्यावर कुठलाच रंग धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तो आधी काढा. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, पण ओलाच फिरवा. २०१७ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ पोरांच्या पोटात जाता कामा नये! लाकूड खडखडीत वाळलं की प्रायमर, भेगांना लांबी (म्हणजे पुट्टी), वर एनॅमलचे दोन पातळ हात. आणि आपल्याकडच्या पावसात हे काम काढूच नका, दिवाळीनंतर काढा.