फोन कामावर गेला की घरात काय उरतं?

वाचकांचे प्रश्न. या महिन्यात पुनर्वसनाच्या इमारतींमधल्या इंटरनेटबद्दल बरीच पत्रं आली. उत्तरं देणाऱ्या ताईंची उमेदीची वर्षं मुंबईत दारोदार फिरून पाहण्या करण्यात आणि इतरांचे फॉर्म तपासण्यात गेली आहेत.

प्रश्न : ताई, मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये घरगुती इंटरनेटची पाहणी करायची आहे. आमचे सर म्हणाले, गूगल फॉर्म बनव आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक, आठवड्यात दोनशे उत्तरं येतील. पहिला प्रश्न ठेवलाय, 'तुमच्या घरी इंटरनेट आहे का? हो / नाही'. बरोबर आहे ना?
– एक विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : येतील की दोनशे उत्तरं, आणि सगळी 'हो' येतील. अगं, ज्याच्याकडे नेट नाही तो तुझा फॉर्म उघडणार कुठून? सरांना माझा नमस्कार सांग आणि फॉर्म कागदावर छापून घे.

मग तो हो-नाहीचा प्रश्न खोड. तिथलं कुठलंही एक घर धर. नवरा डिलिव्हरीची कामं करतो, त्यामुळे घरातला एकमेव चांगला फोन सकाळी आठला त्याच्या खिशातून बाहेर पडतो. बाई चेंबूरला तीन घरची कामं करते, तिच्याकडे बटणांचा फोन. मुलगी दहावीला, मुलगा आठवीला. रात्री फोन घरी येतो तेव्हा दिवसाच्या दीड जीबीतलं बरंचसं रस्त्यांच्या नकाशात संपलेलं असतं. उरलेल्यात पहिला नंबर मुलाचा. मुलीच्या हातात फोन पडतो अकरानंतर, तेव्हा ती डोळे चोळत असते. हे घर तुझ्या फॉर्मवर 'हो' म्हणून नोंदलं जाईल. खोटंही नाही ते. फक्त त्यातून तुला काहीच कळलेलं नसेल.

म्हणून असं विचार : काल या घरात नेट कोणी कोणी वापरलं? 'काल' हा शब्द सोडू नकोस. 'साधारणपणे' विचारलंस की माणसं साधारणच सांगतात. नंतर विचार, ते कोणाच्या फोनवर? तो फोन काल दुपारी दोन वाजता कुठे होता? रिचार्ज कोण मारतं? आणि माझा सगळ्यात लाडका प्रश्न : मागचा पॅक संपल्यावर पुढचा मारेपर्यंत किती दिवस गेले?

पगार महिन्याचा आणि पॅक अठ्ठावीस दिवसांचा, हे गणित त्या घरातल्या बाईला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. वर्षाला तेरा रिचार्ज होतात. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने जानेवारी 2022 मध्ये कंपन्यांना किमान एक तरी तीस दिवसांचा पॅक ठेवायला लावलं, पण नाक्यावर सवयीने अठ्ठावीसचाच मागितला जातो. पॅक महिनाअखेरीला संपला की पगार होईपर्यंत घर बंद. हे बंद दिवस कुठल्याही हो-नाहीत येत नाहीत. कोरड्या दिवसांचा वेगळा रकाना कर.

आणखी एक विचार : शेवटचा सरकारी फॉर्म कुठे भरला? अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी, काहीही. 'खालच्या झेरॉक्सवाल्याकडे' असं उत्तर आलं, तर पुढे विचार की घरी फोन असताना का? तिथे खरी पाहणी सुरू होते. दाखल्याचा फोटो ठरलेल्या आकाराबाहेर जातो. ओटीपी आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर जातो, आणि तो नंबर गावी सासऱ्यांकडे असतो. पाच इंची पडद्यावर सोळा रकान्यांचा फॉर्म भरताना मधेच फोन येतो नि सगळं पुसलं जातं. झेरॉक्सवाल्याला किती पैसे दिले तेही लिहून घे. तो त्या घराचा इंटरनेटवरचा खर्चच आहे, पण खर्चाच्या रकान्यात कोणी धरत नाही.

आता दाराबद्दल. लल्लूभाई कंपाउंड ही प्रकल्पग्रस्तांची वसाहत. रेल्वेच्या कडेची आणि रस्तारुंदीतली झोपडी सोडून आलेली माणसं तिथे आहेत. घर मिळायच्या आधी त्यांनी इतक्या याद्या, पुरावे, फोटो, 'पात्र-अपात्र' पाहिलंय, की फॉर्म घेऊन आलेलं माणूस बघितलं की पहिली शंका येते : घर तपासायला आलेत. भाडेकरू असेल तर दार लगेच लागतं. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र असू दे. 'सर्व्हे' म्हणू नकोस, 'मुलांच्या अभ्यासाला फोन पुरतो का ते विचारायला आलेय' म्हण. खरं तेच आहे ते. नाव लिहू नकोस, खोली नंबर लिहू नकोस, इमारत आणि मजला पुरे. घर मालकीचं की भाड्याचं हे तर चुकूनही विचारू नकोस.

मजला मात्र नक्की लिही. मी हाताखालच्या मुलांचे फॉर्म तपासताना सगळ्यात आधी मजला बघायचे. लिफ्ट बंद असली की पाहणी तिसऱ्या मजल्यावर संपते. मग अहवालात येतं 'संपूर्ण इमारत', आणि त्यात पाचवा, सहावा, सातवा मजला नसतोच. गुडघे दुखतात म्हणून खाली न उतरणाऱ्या म्हाताऱ्या त्याच मजल्यांवर असतात, फोनची गरजही त्यांना जास्त. तू वरून सुरुवात कर आणि उतरत ये. तळाच्या खोल्याही टाळू नकोस. तिथे दोन इमारतींच्या मधे इतकी कमी जागा असते की दिवसा दिवा लावावा लागतो आणि रेंजसाठी दाराबाहेर यावं लागतं. पैसे भरूनही नेट न मिळणारी माणसं तुला तिथेच भेटतील.

शेवटचं : एका घरात एकाशीच बोलू नकोस. दार पुरुषाने उघडलं तर तो सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 'इंटरनेट कधी तरी वापरलंय का' असं बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं विचारलं होतं. देशभरात 57.1 टक्के पुरुषांनी हो म्हटलं आणि 33.3 टक्के बायकांनी. घराला एकच प्रश्न विचारला असता तर ही दरी दिसलीच नसती. दुपारी दोन ते चार जा, कामावरून आलेल्या बायका तेव्हा टेकलेल्या असतात. पाण्याची वेळ आधी विचारून घे. पाणी आलेलं असताना तुझ्याशी कोणी बोलणार नाही, आणि बोलू नयेच.

प्रश्न : सरकारी पाहणी सांगते की आता 86 टक्के घरांत इंटरनेट आहे. मग गरिबांच्या घरी नेट नाही हा कांगावा कशासाठी? आणि अशा पाहण्यांवर वेळ कशाला घालवायचा?
– निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, तुमचा आकडा बरोबर आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2025 च्या पहिल्या तिमाहीत दूरसंचारावर जी पाहणी केली, तिच्यात देशातल्या 86.3 टक्के घरांत इंटरनेट निघालं. त्याच पाहणीत निदान एक स्मार्टफोन असलेली घरं 85.5 टक्के आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. घरातलं इंटरनेट म्हणजे बहुतेक ठिकाणी कोणाचा तरी फोन. आणि फोनला पाय असतात.

थोडं मागे जाऊ. 2011 च्या जनगणनेत इंटरनेटसह संगणक असलेली घरं 3.1 टक्के होती. 2017-18 च्या शिक्षणावरच्या नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरं 23.8 टक्के, शहरांत 42. सप्टेंबर 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, 2020 मध्ये शाळाच फोनवर गेली, आणि आकडा चढला. हा चढ खराच आहे, मी तो नाकारत नाही. पण 2022-23 च्या नमुना पाहणीत संगणक, लॅपटॉप किंवा टॅबलेट असलेली घरं 9.9 टक्केच होती. सर, तुम्ही वर्गावर होतात. पाच जणांच्या घरात एक पुस्तक आणि तेही वडील कामावर नेतात, अशा मुलाच्या नावापुढे तुम्ही 'पुस्तक आहे' असं लिहिलं असतंत का?

देशाची पाहणी देशाचं सांगते. चेंबूरच्या एका पुनर्वसन इमारतीत सातव्या मजल्यावर काय चाललंय, हे तिच्यातून काढता येत नाही. तिची रचनाच त्यासाठी नसते.

प्रश्न : आमची एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली इमारत आहे, मी सोसायटीचा सेक्रेटरी. नगरसेवकाच्या निधीतून जिन्यात फुकट वायफाय बसवून मिळेल असं कोणी सुचवलंय. आधी घरोघरी विचारावं का, की सरळ बसवून टाकावं?
– सेक्रेटरी, कांदिवली

उत्तर : भाऊ, आधी विचारा. आणि फक्त कमिटीतल्या पुरुषांना विचारू नका.

एसआरए 1995 साली आली तेव्हा खोली 225 चौरस फुटांची होती, मग 269 झाली, आता नव्या योजनांत 300. तीनशे फुटांत सहा माणसं असली की अभ्यास करणारं पोर आपोआप जिन्यात येतं, हे तुम्ही रोज बघत असाल. त्यामुळे जिन्यात वायफाय ही कल्पना ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात रात्री नऊनंतर त्या जिन्यात मोबाईलवर खेळ खेळणारी मुलं बसतात, आणि मग त्या मजल्यावरची मुलगी बाहेर येत नाही. वायफाय आलं आणि तिची अभ्यासाची पायरीही गेली. सोसायटीचं ऑफिस किंवा बालवाडीची खोली संध्याकाळी उघडता येते का बघा. येत असेल तर यंत्र तिथे बसवा, आणि किल्ली कोणाकडे राहील हे बैठकीत लिहून ठरवा.

विचारताना तीन गोष्टी काढून घ्या. किती घरांत तारेचं कनेक्शन आहे, त्यातली किती शेजाऱ्याच्या पासवर्डवर चालतात, आणि ज्यांनी कनेक्शन घेऊन सोडलं त्यांनी का सोडलं. सोडणाऱ्यांशी जास्त वेळ बोला. एक जण म्हणेल, सहा महिन्यांचे पैसे एकदम मागितले. दुसरा म्हणेल, वायरी जातात त्या डक्टमध्ये उंदरांनी वायर कुरतडली आणि दुरुस्तीला कोणी आलंच नाही. हे कळल्यावर कदाचित वायफायपेक्षा डक्टला जाळी बसवणं आधी करावं लागेल.

निधी एकदाच येतो, बिल दर महिन्याला. वीज आणि लाइनचे पैसे देखभाल खर्चात टाकायचे म्हटलं, तर तुमची थकबाकी किती आहे ते तुम्हीच जाणता. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात खालचा किराणावाला किंवा चहावाला परवाना न काढता, नोंदणीचे पैसे न भरता छोट्या दरात वायफाय विकू शकतो. तुमच्या गेटवरच्या दुकानदाराला त्यात रस आहे का विचारा. दुकान चालू ठेवण्यात त्याचा फायदा आहे, त्यामुळे यंत्र बिघडलं तर तो आपल्या पायाने दुरुस्त करून आणेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो आणि शनिवारी इथल्या सार्वजनिक गृहनिर्माण इमारतींत मुलांना गणित शिकवतो. आमच्या गटाला रहिवाशांच्या इंटरनेटची पाहणी करायची आहे. तुमचा अनुभव इथे उपयोगी पडेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बराचसा पडेल. एक फरक मात्र मोठा आहे. तुमच्याकडे इमारत सरकारी संस्थेची आणि रहिवासी तिचा भाडेकरू. त्यामुळे यादी असते, कार्यालय असतं, इमारतीसाठी एकत्र करारही करता येतो. न्यूयॉर्क शहराने 2022 मध्ये 'बिग ॲपल कनेक्ट'मधून सार्वजनिक गृहनिर्माणाच्या रहिवाशांना फुकट इंटरनेट दिलं ते असंच. आमच्याकडे किल्ली हातात दिली की सरकार बाजूला होतं, पुढे सोसायटी जाणे आणि केबलवाला जाणे. उलट बाजूने, तुमच्या रहिवाशालाही वाटणारच की घरमालकाच्या वतीने कोणीतरी डोकवायला आलंय. घरात नोंदीपेक्षा जास्त माणसं राहत असतील तर तो दार उघडणार नाही. 'घरात किती जण' हा प्रश्न तुम्हीही टाळा.

तुमच्या देशात जुलै 2015 मध्ये गृहनिर्माण खात्याने सरकारी घरांत इंटरनेट पोचवायला 'कनेक्टहोम' सुरू केलं, 27 शहरं आणि एक आदिवासी राष्ट्र धरून. पुढे इंटरनेटच्या बिलात महिना तीस डॉलरपर्यंत सवलत देणारी योजना आली. 2.3 कोटींहून जास्त कुटुंबं तिच्यात होती, आणि पैसे संपल्यावर 1 जून 2024 ला ती बंद झाली. मी तुमच्या जागी असते तर पाहणी तिथूनच सुरू केली असती. सवलत गेल्यावर कनेक्शन ठेवलं का? ठेवलं असेल तर दुसरं काय सोडलं? लाइन काढून फक्त फोनवर आले का? मुलं गृहपाठ कुठल्या पडद्यावर करतात? उत्तर घेताना पडदा हातात घेऊन बघा, फुटलेला आहे का. गणित शिकवता म्हणजे मुलं ओळखतात तुम्हाला. आयाही ओळखत असतील, दार उघडायला तेवढं पुरेल.

प्रश्न : पाहणीला गेल्यावर लोक चहा विचारतात. घ्यावा का?
– एक स्वयंसेवक, गोवंडी

उत्तर : पहिल्या दोन-तीन घरी घ्या, नंतर पाणी मागा. नाही म्हटलेलं आवडत नाही, आणि एका दुपारी अकरा चहा कोणालाच झेपत नाहीत. चहा होईपर्यंत फॉर्म मिटून ठेवा. तेवढ्यात घरातला फोन वाजतो. तो कोण उचलतं, कोण कोणाला 'दे इकडे' म्हणतं, ते बघा आणि बाहेर आल्यावर लिहून काढा.