रागाच्या भरात थप्पड मारली, तर ‘त्यानेच चिथावले’ हा बचाव कितपत चालतो?

शेजाऱ्याने पार्किंगच्या वादात आईवरून शिवी दिली, तुमच्या भावाने तिथल्या तिथे त्याच्या कानशिलात लगावली आणि पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली, असे तुम्ही लिहिले आहे. चिथावणीचा बचाव घेता येतो. मात्र त्याने गुन्हा पुसला जात नाही, केवळ शिक्षेची कमाल मर्यादा खाली येते.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत शारीरिक वेदना होणे हीच ‘दुखापत’ मानली आहे, वळ उमटण्याची गरज नाही. त्यासाठी कलम ११५(२) मध्ये एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. तेच कृत्य गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभनामुळे, म्हणजे चिथावणीमुळे, घडल्याचे सिद्ध झाले, तर कलम १२२(१) नुसार ही मर्यादा एक महिना आणि पाच हजारांवर येते. नुसता हात उगारला असता किंवा धक्का दिला असता, तर कलम १३१ आणि १३६ मध्ये असाच भेद आहे.

खरी कसोटी वेळेची असते. पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडणारे नौदल अधिकारी नानावटी यांचा खटला खुनाचा होता, पण त्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले निकष इथेही उपयोगी पडतात: त्याच सामाजिक स्तरातील सुजाण माणसाचा त्या परिस्थितीत तोल गेला असता का, हे पाहायचे, काही परिस्थितीत शब्द आणि हावभावही पुरेसे ठरू शकतात, मात्र संताप निवण्याइतका वेळ मिळाल्यावर केलेला वार या सवलतीत बसत नाही. नानावटींच्या बाबतीत पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये जवळपास तीन तास गेले होते. तुमचा भाऊ घरी जाऊन परत आला असेल, तर हा मुद्दा कमकुवत होतो. शिवी एकाने दिली आणि थप्पड जाणूनबुजून दुसऱ्याला मारली, तरी सवलत मिळत नाही. भांडण मुद्दाम उकरून काढले असेल, किंवा लोकसेवकाने अधिकारात राहून केलेल्या कृतीचा राग आला असेल, तरीही नाही.

प्रक्षोभन होते हे आरोपीलाच दाखवावे लागते, आणि ते मांडताना थप्पड मारल्याचे जवळजवळ कबूलच होते. वकील हा बचाव जपून घेतात तो त्यामुळेच. आधी शेजाऱ्याने हात टाकला असेल, तर स्वसंरक्षणाचा मुद्दा पूर्ण वेगळा आहे, कारण तो सिद्ध झाल्यास गुन्हाच उरत नाही.

प्रकरण न्यायालयात गेलेच, तर हा गुन्हा मार खाल्लेल्या व्यक्तीच्या संमतीने मिटवता येतो आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेचाच असतो. शेजारी राजी असेल, तर माझ्या मते आधी तोच मार्ग धरावा.